फेणीशी नीट ओळख: पणजीतल्या छोट्या बारमधली एक संध्याकाळ, पायरीपायरीने

एप्रिल लागला की दोडामार्गात आमच्या आजोळच्या बागेत बोंडूंचा, म्हणजे काजूच्या फळांचा, खच पडायचा. काजूबी पिळून वेगळी काढायची, ती पोत्यात जायची, आणि लाल-पिवळे बोंडू झाडाखालीच राहायचे. दोन दिवसांत त्या ढिगाला वास सुटायचा. गोड, आंबूस, थोडा उग्र, एकदा नाकात बसला की संध्याकाळपर्यंत न जाणारा. आम्हा पोरांच्या फ्रॉक-चड्ड्यांवर त्या रसाचे डाग पडायचे आणि ते कशानेही निघत नसत.

फेणीचा वास तो हाच. "फेणीला वास येतो" अशी तक्रार करणारी मराठी माणसे मला दर आठवड्याला भेटतात. मी पणजीत राहते, त्यामुळे पुण्या-मुंबईहून आलेल्या नातेवाइकांना आणि मित्रांना जेवायला न्यायचे काम माझ्याकडे असते. त्यातल्या बहुतेकांनी फेणी आयुष्यात एकदाच घेतलेली असते: किनाऱ्यावरच्या कुठल्यातरी शॅकमध्ये, दुपारच्या उन्हात, प्लास्टिकच्या ग्लासात, कोमट, कोलात मिसळून. माझीही पहिली फेणी अशीच होती आणि त्यानंतर सहा वर्षे मी तिच्या वाटेला गेले नाही. पुढे इथे राहायला आल्यावर शेजारच्या आंटीने कोपऱ्यावरच्या बारमध्ये नेले, समोर ग्लास ठेवला, सोबत तळलेले शिणाणे (एक प्रकारचे शिंपले) मागवले, आणि पहिल्या घोटाला आजोळची बाग आठवली. पेय तेच होते. वेळ, ग्लास, सोबतचे खाणे आणि घाई नसणे, एवढाच फरक. हा लेख त्या फरकाबद्दल आहे.

आधी महिना बघा

गोव्यात कधी जायचे हे बहुतेक लोक सुट्टी बघून ठरवतात. प्यायचे काय हे मात्र महिना ठरवतो.

काजूचा हंगाम साधारण फेब्रुवारीअखेर सुरू होतो आणि मे महिन्यात आटोपतो. झाडावरून आपणहून गळलेले बोंडूच घेतात, तोडलेले नाही. बी काढून ते कोळंबीत, म्हणजे खडकात खोदलेल्या कुंडीत, तुडवतात किंवा यंत्राने चिरडतात. उरलेल्या चोथ्याचा गोळा करून त्यावर वजन ठेवले की रात्रभर थेंब थेंब रस निथळतो. तो निरो. सकाळी भाटीवर, म्हणजे फेणी गाळायच्या जागी, गेलात तर हा निरो नक्की प्या, त्यात नशा नसते. बाकीचा रस तीनेक दिवस आपोआप आंबतो, खमीर घालावे लागत नाही. मग तो भाणात, म्हणजे गाळायच्या भांड्यात, घालून भट्टीवर चढवतात. पहिल्या धारेचा तो हुर्राक, साधारण 15 टक्के अल्कोहोलचा. हुर्राकात पुन्हा आंबलेला रस मिसळून दुसऱ्यांदा काढली की फेणी, बाटलीवर बहुधा 42.8 टक्के लिहिलेली.

हुर्राक फार टिकत नाही, म्हणून तो मार्च ते मे एवढाच मिळतो. या तीन महिन्यांत येणार असाल तर सुरुवात हुर्राकाने करा, दुसरा विचारच नको. इतर वेळी फेणी आहेच, ती वर्षभर मिळते आणि मुरल्यावर जास्त चांगली लागते.

जून-जुलैत येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, त्यामुळे ताजे इसवण (सुरमई) किंवा पापलेट मागू नका. तेव्हा चोरीस (डुकराच्या मांसाचे सॉसेज), सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर आणि नदी-खाडीतले मिळेल ते खावे. 24 जूनला सांजाव हा सण असतो. डोक्यावर फुला-वेलींचे कोपेल घालून लोक विहिरीत उड्या मारतात, आणि त्या दिवशी फेणी घरोघर असते.

कुठला बार निवडायचा

गोव्यात प्यायच्या जागा ढोबळमानाने तीन तऱ्हेच्या आहेत. एक तावेर्न: एक फळकुट, दोन बाक, उभ्याउभ्या ग्लास रिकामा करून घरी जाणारी माणसे, खायला फार तर उकडलेले अंडे. दुसरे, "बार अँड रेस्टॉरंट" अशी रंग उडालेली पाटी असलेले पाच-सात टेबलांचे घरगुती ठिकाण. तिसरे, गेल्या काही वर्षांत निघालेले नवे कॉकटेल बार, जिथे स्थानिक दारू आणि कोकम-जांभूळ-चिंच घेऊन मन लावून पेये बनवतात.

पहिल्या संध्याकाळसाठी मी दुसऱ्या प्रकारचे ठिकाण सुचवेन. तावेर्नात जेवण नीट होत नाही, आणि कॉकटेल बारमध्ये फेणीची मूळ चव कळायच्या आधीच ती सजून समोर येते. पणजीत फोंताइन्हास, सांत तोमे आणि मळा या जुन्या वाड्यांत अशी ठिकाणे पायी फिरता फिरता सापडतात. 31 जानेवारी रस्त्याच्या आसपास संध्याकाळी सातच्या सुमाराला हिंडा. फोंताइन्हासमधला जोसेफ बार पुष्कळांनी ऐकलेला असतो. जागा अगदी चिंचोळी, माणसे रस्त्यावर उभी राहून पितात. त्याला लागून आणखी किती तरी आहेत.

ओळखायच्या खुणा सांगते. आतल्या टेबलांवर कोकणीत बोलणारी, वयस्क, रोजची वाटावीत अशी माणसे असावीत. भिंतीवर किंवा पाटीवर आजचे पदार्थ खडूने लिहिलेले असावेत, किंवा कुठेच लिहिलेले नसावेत. मेनूकार्ड वीस पानी असेल, त्यात पनीर टिक्का आणि हक्का नूडल्स असतील, तर पुढे चला. स्वयंपाकघरातून व्हिनेगर आणि तळणीचा वास येत असेल तर थांबा.

बायकांनी एकटे जाण्याबद्दल मला नेहमी विचारतात. जिथे जेवण मिळते आणि संध्याकाळी कुटुंबे बसलेली असतात, अशा ठिकाणी मी वर्षानुवर्षे एकटी जाते. खूपदा गल्ल्यावर घरची बाईच असते. तिथे बसा, तिच्याशी दोन शब्द बोला, संध्याकाळ सोपी होते.

वेळेचे मात्र पाळा. दुपारी पणजी झोपते. छोटे बार साधारण अकरा ते तीन आणि मग संध्याकाळी सात ते साडेदहा-अकरा असे चालतात. साडेसातला जा. नऊनंतर टेबल मिळत नाही आणि चांगला मासा संपलेला असतो.

आत गेल्यावर

ही लोकांच्या राहत्या घरांची वस्ती आहे. बारच्या वरच्या मजल्यावर कुणी राहते, शेजारच्या खिडकीत कुणाची जपमाळ चालू असते. फोटोसाठी लोकांच्या दारात उभे राहणाऱ्यांना इथली माणसे खरेच कंटाळली आहेत, कित्येक घरांवर तशा पाट्याही आहेत. कॅमेरा आत ठेवा. आवाज टेबलापुरता ठेवा.

टेबल पकडायच्या आधी गल्ल्यावर जाऊन "देव बरी सांज दीवं" म्हणा. इथे संध्याकाळचा नमस्कार असा करतात. मग विचारा, "आयज कितें आसा?" मराठीत विचारलेत तरी चालते, सगळ्यांना कळते. पण हा प्रश्न विचाराच. उत्तर येईल: "बांगडे बरे आहेत, शिणाणे आले आहेत, सोरपोतेल कालचे आहे." या उत्तरावर तुमचे सगळे जेवण ठरवायचे असते. कालचे सोरपोतेल म्हटल्यावर नाक मुरडू नका. डुकराचे मांस आणि काळीज व्हिनेगरात शिजवलेला हा पदार्थ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच खरा लागतो.

खाणे आधी, ग्लास नंतर

पिणे आधी मागवून खाण्याचे नंतर बघू, असे करू नका. छोट्या स्वयंपाकघरात एकच माणूस तळत असतो, पदार्थ यायला पंचवीस मिनिटे लागतात, आणि तोवर रिकाम्या पोटी पहिला ग्लास संपलेला असतो. पहिला ग्लास आणि पहिली बशी बरोबर यायला हवीत.

पहिल्या बशीसाठी रवा लावून तळलेले शिणाणे किंवा मुडदुशे (छोटे मासे) मागवा. तळण्याचे कारण आहे. अल्कोहोलने तिखट जास्त झोंबते, जिभेला आग लागते. त्यामुळे सुरुवातीलाच रेशाद मसाल्याचा लालभडक बांगडा आणि कडक फेणी एकत्र आली की ना माशाची चव कळते ना पेयाची. कुरकुरीत, थोडे तेलकट, मीठ-लिंबाचे खाणे जिभेला आधी तयार करते.

तिथे क्रोकेत, शामुसा असे छोटे तळणही असते. क्रोकेतमध्ये बहुधा बीफ असते, चोरीस आणि सोरपोतेल डुकराचे. तुम्ही जे खात नसाल ते आधीच स्पष्ट सांगा, कुणाला त्यात वावगे वाटत नाही. शाकाहारी सोबत असतील तर छोट्या बारमध्ये त्यांचे हाल होतात हे मी आधीच सांगून ठेवते. फोडी करून तळलेले नीरफणस किंवा वांगी कधी मिळतात, कधी नाही. अशा वेळी ठिकाण निवडण्याआधी फोन करा.

पहिला ग्लास: हुर्राक

आंटीने मला तो ग्लास कसा करून दिला ते जसेच्या तसे सांगते. अजून मी तसाच करते.

उंच, जाड काचेचा ग्लास. त्यात तळाला मिठाची चिमूट. अर्धे लिंबू पिळून साल ग्लासातच टाकायची. हिरवी मिरची देठ धरून अंगठ्याच्या नखाने मधोमध उभी चिरायची, पण तोडायची नाही, आणि बिया न काढता ग्लासात उभी करायची. त्यावर बर्फ, ग्लास भरेल इतका. मग 60 मिलीलीटर हुर्राक. वरून लिम्का हळूच, ग्लास तिरका धरून. ढवळायचे नाही. मिरचीनेच एकदा हलवायचे आणि दोन मिनिटे थांबायचे.

ती दोन मिनिटे महत्त्वाची. मिरची तोवर तिखटापेक्षा आपला हिरवा वास सोडते, मीठ विरघळते, आणि हुर्राकाचा बोंडूसारखा वास लिंबाच्या खाली जाऊन बसतो. पहिला घोट घेताना नाक ग्लासात घाला. वास टाळायचा नाही, उलट शोधायचा. पिकलेले अननस, थोडी करवंदे, थोडी ओली माती, असे काही ना काही ओळखीचे सापडते. कोकणातल्या माणसाला तर ते घरचेच वाटते.

लिम्का गोड वाटत असेल तर साधा सोडा आणि लिंबू जास्त. कोला मात्र नको. त्यातला कॅरॅमल आणि मसाल्यांचा वास हुर्राकाच्या वासाशी भांडतो आणि दोन्हींचा चिखल होतो.

मग फेणी

हंगाम नसेल तर इथूनच सुरुवात. फेणी दोन प्रकारची, काजूची आणि माडाची. माडाची फेणी सुरेपासून, म्हणजे माडीपासून काढतात, जास्त करून दक्षिण गोव्यात, आणि तिचा वास सौम्य असतो. ज्यांना काजूच्या वासाची धास्ती आहे त्यांनी आधी माडाची घ्यावी. काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणले. माड मात्र इथलाच, म्हणून माडाची फेणी ही थोरली बहीण असे इथे म्हणतात. तरी नाव झाले ते काजूचेच. 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते काजू फेणीला.

बारवाल्याला विचारा, "बाटली दाखवता?" बहुतेक जण आनंदाने दाखवतात. कुठल्या भागातली आहे, किती जुनी आहे हे सांगतात. जुन्या घरांत फेणी मोठ्या काचेच्या गर्राफांवात मुरवत ठेवलेली असते. दुकशिरीच्या (अनंतमुळाच्या) मुळ्या किंवा जिरे घालून मुरवलेलीही मिळते. दुकशिरीची फेणी औषधी, मातकट लागते, मला ती फार आवडते. पण पहिल्या दिवशी साधीच घ्या.

आता ती तपासायची कशी? 30 मिलीलीटर मागवा, बर्फाशिवाय. दोन थेंब तळहातावर घ्या, दोन्ही तळवे चोळा, अल्कोहोल उडू द्या आणि मग वास घ्या. चांगल्या काजू फेणीचा फळाचा वास तळव्यावर बराच वेळ राहतो. स्पिरिटमध्ये इसेन्स घालून विकलेल्या मालाचा वास आधी जोरात येतो आणि लगेच उडून जातो, मागे काही उरत नाही. हे एकदा दोन बाटल्यांवर करून बघितले की पुन्हा कुणाला विचारावे लागत नाही.

उरलेले 30 मिलीलीटर असे प्या: आधी कोरडा एक छोटा घोट, जिभेवर फिरवून. मग ग्लासात चमचाभर साधे पाणी घालून दुसरा. पाण्याने वास मोकळा होतो, कडकपणा उतरतो, फळ पुढे येते. मग बर्फाचा एक खडा टाकून तिसरा. थंडाव्याने वास पुन्हा दबतो. या तीन घोटांत तुम्हाला कळेल की तुम्हाला फेणी कशी आवडते. बर्फाशिवाय पाण्यासोबत आवडली तर तशीच घ्या, जेवणानंतर एक छोटा ग्लास. थंड, लिंबू-मीठ घालूनच आवडली तर त्यात कमीपणा नाही. गोव्यात पुष्कळ लोक फेणी लिम्का किंवा लिंबू-सोड्यासोबतच घेतात.

जेवण कसे लावायचे

एवढे झाले की तळणाची बशी रिकामी झालेली असते. आता मसाला येऊ द्या.

रेशाद बांगडा हा माझा पहिला सल्ला. लाल मिरची, लसूण, माडाचे व्हिनेगर यांचा मसाला माशाच्या पोटात भरून तळतात. पोर्तुगीजमध्ये रेशेआदू म्हणजे भरलेले, त्याचेच रेशाद झाले. व्हिनेगरचा आंबटपणा आणि लिंबू घातलेली फेणी एकमेकांना धरून राहतात. बिअरने हा बांगडा पुळचट लागतो, फेणीबरोबर मात्र ताठ उभा राहतो.

काफ्रेयाल चिकन हिरव्या मसाल्याचे, कोथिंबीर आणि हिरव्या मिरचीचे. ते मोझांबिकच्या वाटेने इथे आले असे मानतात. त्याच्याबरोबर हुर्राक. शाकुतीत भाजलेले खोबरे आणि खसखस असते, ती जड आहे. तिच्याबरोबर पाणी घातलेली फेणी आणि तीही थोडी. सोरपोतेलबरोबर मी काहीच पीत नाही, सान्नां घेते. तांदळाच्या त्या मऊ, सुरेने फुगवलेल्या इडलीसारख्या सान्नांनी रस्सा टिपायचा, तेव्हा मधे दुसरी चव नको असते.

पोई मागायला विसरू नका. हा इथला पाव, कोंडा लावलेला, आतून पोकळ, पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा. संध्याकाळच्या फेरीची पोई आठपर्यंत मऊ असते. ती फाडून आत चोरीस-कांदा भरायचा. दोघांत एक पुरे, चोरीस खारट आणि तिखट असतो.

शेवटी बेबिंक. अंडी, नारळाचे दूध आणि साखर यांचा एक एक थर वरून विस्तव ठेवून भाजतात, पहिला झाल्यावर दुसरा ओततात. सात थरांची म्हणतात, काही घरी त्याहून जास्तही. गरम करून द्या म्हणून सांगा. बेबिंकच्या छोट्या तुकड्याबरोबर 15-20 मिलीलीटर मुरलेली काजू फेणी, पाण्याशिवाय. नुसत्या फेणीला नाके मुरडणाऱ्या माझ्या मावशीला मी हेच दिले होते. तिने तो ग्लास तासभर पुरवला आणि उठताना बाटली कुठे मिळेल ते विचारले.

दुसऱ्या संध्याकाळी कॉकटेल

एक दिवस मूळ चव कळली की मग कॉकटेल बारमध्ये जा. तिथे बारच्या समोरचे उंच स्टूल मागा, टेबल नको. बारटेंडर काय ओततो ते दिसते, विचारता येते. "फेणी लपवू नका, तिची चव राहू द्या" असे सांगितलेत तर चांगला बारटेंडर खूश होतो.

तीन प्रकार मागवण्याजोगे आहेत, आणि प्रमाण कळावे म्हणून तेही देते. फेणी सावर: 60 मिलीलीटर फेणी, 25 लिंबूरस, 20 साखरेचा पाक, बर्फासोबत दहा-बारा सेकंद जोरात हलवून गाळलेले. कायपिरिन्याच्या धर्तीचे: ग्लासात लिंबाच्या फोडी आणि साखर एकत्र कुटून, वर ठेचलेला बर्फ आणि फेणी. ही ब्राझीलची रीत, तिथे ते उसाच्या कशासा या दारूपासून करतात. काजूही तिथलाच असल्याने जोडी सहज जुळते. तिसरे कोकमाचे: 45 मिलीलीटर फेणी, 15 कोकम आगळ, 15 पाक आणि वर सोडा. आगळात आधीच मीठ असते, म्हणून वेगळे मीठ घालायचे नाही. अनेक ठिकाणी ही चूक होते आणि पेय खारट होते. तसे झाले तर शांतपणे सांगून बदलून घ्या.

क्रीम, चॉकलेट, आंब्याचा गर असे काही फेणीत घातलेले दिसले तर मी तिकडे जात नाही. गोड-घट्ट पदार्थात फेणीचा वास कुजल्यासारखा लागतो.

किती घ्यायची

हिशेब साधा आहे. 60 मिलीलीटर फेणीत शुद्ध अल्कोहोल जवळजवळ 26 मिलीलीटर. 5 टक्क्यांच्या 330 मिलीलीटर बिअरमध्ये ते साडेसोळा. म्हणजे फेणीचा एक मोठा पेग दीड बिअरच्या बरोबरीचा. हुर्राक हलका म्हणून लोक 120 मिलीलीटर ओतून घेतात. त्यात 18 मिलीलीटर येते, म्हणजे एका बिअरहून थोडे जास्त. तो थंड, आंबट, सरबतासारखा लागतो आणि उन्हाळ्यात तहान लागलेली असते. हुर्राकाने पडलेली माणसे मी फेणीने पडलेल्यांपेक्षा जास्त पाहिली आहेत.

माझा नेम असा: पूर्ण संध्याकाळ, साडेतीन तास, दोन हुर्राक किंवा दीड पेग फेणी. प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास साधे पाणी. हुर्राक आणि फेणी एकाच संध्याकाळी घ्यायची असेल तर हुर्राक एकच. औषधे चालू असतील, पोटात बाळ असेल, तर सोलकढी घ्या, टेबलावर बसायला काहीच अडत नाही. कोणी नको म्हटले तर त्याला आग्रह करू नका. गोव्यात तसा आग्रह करत नाहीत. गोव्यात पिण्याचे वय 21 आहे. महाराष्ट्रात कडक दारूसाठी ते 25 आहे, त्यामुळे सोबतच्या तरुण भाच्यांना दोन राज्यांतला फरक माहीत असू द्या.

बिल आणि घरी परतणे

बिल हातात आले की ओळी वाचा. जेवणावर जीएसटी लागतो. दारूवर जीएसटी नसतो, तिथे राज्याचा कर असतो. सेवा शुल्क आपोआप जोडता येत नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये तसे बजावले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते उचलून धरले. मोठ्या ठिकाणी ते जोडलेले दिसले तर काढायला सांगा. छोट्या बारमध्ये असे काही नसते. तिथे तळणाऱ्या माणसासाठी वेगळे पैसे ठेवा, शक्यतो त्याच्या हातात द्या.

भाड्याची स्कूटर घेऊन बारला जाऊ नका. रक्तात 100 मिलीलीटरमागे 30 मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे, ती एका मोठ्या पेगनेही ओलांडली जाऊ शकते. पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण दंडापेक्षा मला इथले रस्ते दिसतात: अरुंद, वळणाचे, दिवे नसलेले, मधे बसलेल्या गायी. सगळ्यात उत्तम म्हणजे बारपासून चालत जाता येईल असे राहायचे ठिकाण घ्या. नाहीतर जाताना टॅक्सीवाल्याशी परतीचे ठरवून घ्या. पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवाले पायलट दिवसा हवे तितके, रात्री उशिरा मात्र मिळतील याचा भरवसा नाही. बसगाड्याही लवकर थांबतात. आणि बाटली घेऊन किनाऱ्यावर जायचा बेत असेल तर सोडून द्या, उघड्यावर पिण्याला तिथे बंदी आहे, आणि वाळूत फुटलेल्या काचा दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी पायात जातात.

एक बाटली घरी

परतताना फेणी न्यावीशी वाटेलच. परवानाधारक दुकानातून लेबल असलेली, काजू फेणी असे स्पष्ट लिहिलेली बाटली घ्या. रस्त्याकडेला पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत भरून विकतात ती घेऊ नका. गोव्याची दारू महाराष्ट्रात न्यायला परवाना लागतो. बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर उत्पादन शुल्कवाले गाड्या तपासतात. दुकानातच परवान्याचे विचारा आणि कागद व पावती हाताशी ठेवा.

घरी बाटली उभी ठेवा, उन्हापासून लांब, झाकण घट्ट. फ्रिजची गरज नाही. पहिल्यांदा उघडाल तेव्हा घरात वास पसरेल. खिडकी उघडा, मीठ-लिंबू-मिरची काढून ठेवा, आणि कुणाला तरी बांगडे तळायला लावा.